नॅस सर्व्हरमध्ये रॅम वाढवल्यावर येणारे बिघाड

नॅस म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांसाठी फाइली सांभाळणारा छोटा सर्व्हर. त्यात येणारी प्रत्येक फाइल डिस्कवर जाण्याआधी रॅममधून जाते आणि मागितली की रॅममधूनच बाहेर पडते. म्हणूनच इथली रॅम सदोष निघणे ही साध्या पीसीपेक्षा गंभीर बाब असते. पीसी एखाद वेळी अडकतो, रीस्टार्ट केला की काम पुढे सुरू होते. नॅसमध्ये मात्र तीच सदोष रॅम कित्येक वर्षांचे फोटो, हिशेबाच्या फाइली आणि बॅकअप यांत चुकीचे बिट मिसळू शकते, आणि ते लक्षात येईपर्यंत चांगली प्रत जुनी होऊन पुसली गेलेली असते.

रॅम वाढवल्यानंतरच्या तक्रारी साधारण तीन तऱ्हेच्या असतात. मशीन सुरूच होत नाही; सुरू होते, पण रॅम पूर्ण दिसत नाही; किंवा सुरू होते, रॅमही पूर्ण दिसते, आणि काही दिवसांनी कारण न कळणारे घोळ सुरू होतात. पहिली तऱ्हा माणसाला सर्वांत घाबरवते, पण तीच सर्वांत निरुपद्रवी आहे. सुरूच न झालेले मशीन डिस्कवर काहीही चुकीचे लिहू शकत नाही. खरी काळजी तिसऱ्या तऱ्हेची करावी लागते.

मुळात रॅम कमी पडते आहे का, हे आधी पाहिलेले बरे. नॅसच्या पडद्यावर ‘90 टक्के मेमरी वापरात’ असा आकडा दिसला की अनेक जण नवी स्टिक मागवतात. लिनक्सवर चालणारे नॅस मोकळी रॅम रिकामी ठेवत नाही. नुकत्याच वाचलेल्या फाइली त्यात कॅशे म्हणून ठेवते आणि एखाद्या प्रोग्रॅमला गरज लागताच ती जागा सोडते. झेडएफएस ही फाइल सिस्टीम वापरणाऱ्या नॅसमध्ये हे आणखी ठळकपणे दिसते. तिची एआरसी नावाची कॅशे आयबीएमच्या अल्माडेन संशोधन केंद्रातल्या निम्रोद मेगिद्दो आणि धर्मेंद्र मोढा यांनी 2003 साली मांडलेल्या पद्धतीवर बेतलेली आहे, आणि मुभा असेल तितकी रॅम ती घेते. म्हणून ‘वापरात’ या आकड्यापेक्षा ‘उपलब्ध’ हा आकडा महत्त्वाचा. उपलब्ध रॅम सतत तळाला गेलेली असेल आणि स्वॅपमध्ये, म्हणजे रॅमला पर्याय म्हणून डिस्कवर राखलेल्या जागेत, एकसारखी ये-जा चालू असेल, तरच रॅम अपुरी आहे असे म्हणता येते. एकदा स्वॅपमध्ये गेलेली, पण नंतर तिथेच पडून राहिलेली थोडी माहिती हे तुटवड्याचे लक्षण नव्हे.

गरज खरी असेल, तर पुढचा प्रश्न कोणती रॅम घ्यायची हा. बहुतेक बिघाडांचे मूळ या खरेदीतच असते. डीडीआर3, डीडीआर4 आणि डीडीआर5 या पिढ्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एका पिढीची स्टिक दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. फसगत होते ती एकाच पिढीच्या आत. डीडीआर3 ही 1.5 व्होल्टवर चालते आणि डीडीआर3एल 1.35 व्होल्टवर, दोन्हींचा आकार आणि खाच अगदी सारखी. डीडीआर3एलच्या स्टिका सहसा दोन्ही व्होल्टेज सोसतात, पण फक्त 1.5 व्होल्टची स्टिक कमी व्होल्टेजच्या स्लॉटमध्ये भरवशाने चालत नाही. इंटेलच्या सेलेरॉन जे1900 सारख्या बे ट्रेल प्रोसेसरांवर बनलेल्या अनेक छोट्या नॅसना कमी व्होल्टेजचीच रॅम लागते. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली स्टिक त्यात टाकली की पडदा काळाच राहतो, आणि दोष नॅसच्या माथी मारला जातो.

दुसरा घोळ रजिस्टर्ड आणि अनबफर्ड यांच्यातला. मोठ्या सर्व्हरांतल्या रजिस्टर्ड स्टिकवर मधोमध एक जास्तीची चिप असते. मेमरी कंट्रोलरकडून येणारे पत्त्याचे आणि आज्ञांचे संदेश आधी ती घेते आणि मग मेमरी चिपांकडे पाठवते. अनबफर्ड रॅमसाठी बनवलेल्या बोर्डावर ही स्टिक चालत नाही. डीडीआर4 मध्ये दोन्हींना 288 पिनाच असल्याने ती स्लॉटमध्ये मात्र व्यवस्थित बसते. डीडीआर5 मध्ये खाचेची जागा बदलून ही शक्यता बंद केली आहे. कंपन्यांनी काढून टाकलेल्या सर्व्हरांतली रजिस्टर्ड रॅम सेकंडहँड बाजारात फार स्वस्त मिळते, म्हणून हा मोह वारंवार होतो. स्टिकवरचे लेबल नीट वाचले तर तो टाळता येतो. ‘पीसी4-2400टी’ अशा आकड्यानंतर आडव्या रेघेपुढे येणारे अक्षर प्रकार सांगते: आर म्हणजे रजिस्टर्ड, यू म्हणजे साधी अनबफर्ड आणि ई म्हणजे ईसीसी (चुका दुरुस्त करण्याची सोय) असलेली अनबफर्ड. लेबल फाटलेले असेल तर चिपा मोजाव्यात. डीडीआर4 पर्यंतच्या नेहमीच्या साध्या स्टिकवर आठ किंवा सोळा मेमरी चिपा असतात, ईसीसी असलेल्या अनबफर्ड स्टिकवर नऊ किंवा अठरा.

तिसरी अडचण लेबलवरून सहज कळत नाही, आणि अनुभवी माणसेही तिथे अडतात. कंट्रोलरला केवळ एकूण जीबीची मर्यादा नसते, एका चिपमध्ये किती गिगाबिट मावावेत याचीही असते. डीडीआर3 ची 8 जीबीची स्टिक सहसा 4 गिगाबिटच्या सोळा चिपांची असते. तितक्याच चिपांत 16 जीबी बसवायचे तर प्रत्येक चिप 8 गिगाबिटची हवी, आणि हॅसवेलपर्यंतच्या इंटेल कोअर प्रोसेसरांतल्या कंट्रोलरला अशा दाट चिपांचे पत्तेच वाचता येत नाहीत. तिथे 16 जीबीची डीडीआर3 स्टिक निर्दोष असूनही निरुपयोगी ठरते. त्याच काळातल्या अ‍ॅटम सी2000 मालिकेला मात्र ती चालते. त्यामुळे ‘माझ्या मित्राच्या नॅसमध्ये चालली’ हा पुरावा मित्राचा प्रोसेसर तोच असेल तरच धरावा.

कंपनीने सांगितलेली कमाल मर्यादा आणि हार्डवेअरला खरोखर झेपणारी मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एचपीच्या एन40एल मायक्रोसर्व्हरची जाहीर मर्यादा 8 जीबी होती, पण पुष्कळ लोकांनी त्यात 8 जीबीच्या दोन स्टिका घालून 16 जीबी चालवली. 2020 साली आलेल्या सिनॉलॉजी डीएस920प्लसमध्ये 4 जीबी बोर्डालाच जोडलेली आहे आणि एक स्लॉट मोकळा आहे. जाहीर मर्यादा 8 जीबी. त्यातल्या सेलेरॉन जे4125 प्रोसेसरसाठी इंटेलनेही 8 जीबी हीच मर्यादा दिली आहे. तरी त्या स्लॉटमध्ये 16 जीबीची स्टिक घालून एकूण 20 जीबी वापरणारे अनेक आहेत. ते चुकीचे करतात असे म्हणता येत नाही. मात्र जाहीर मर्यादा ओलांडल्यावर तपासणीची सगळी जबाबदारी मालकावर येते. शिवाय बाहेरची स्टिक आत असताना तांत्रिक मदत मागितली, तर आधी ती काढा असेच उत्तर मिळण्याची शक्यता मोठी असते.

आता मशीन सुरूच होत नसेल तर काय करावे. सर्वांत आधी थांबावे. नवी रॅम ओळखताना बोर्ड वेळा आणि व्होल्टेज जुळवून पाहतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर5 च्या बोर्डांवर आणि भरपूर रॅम असलेल्या सर्व्हरांवर पहिल्या वेळी यात कित्येक मिनिटे जातात आणि तेवढा वेळ पडद्यावर काहीही दिसत नाही. त्या अवधीत घाईने वीज बंद केली की तेच चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पडदाच नसलेल्या नॅसमध्ये दिव्यांवर लक्ष ठेवावे लागते. सिनॉलॉजीचा निळा पॉवर दिवा बराच वेळ नुसता लुकलुकत राहिला आणि सुरू झाल्याची बीप आली नाही, तर संशय नव्या रॅमवर घ्यायचा.

त्यानंतरची पायरी म्हणजे नवी स्टिक काढून जुनी पूर्वीच्याच स्लॉटमध्ये बसवणे. मशीन सुरू झाले तर बोर्ड शाबूत आहे, ही मोठी चिंता मिटते. म्हणूनच नवी रॅम नीट चालते अशी खात्री होईपर्यंत जुनी विकू नये. मग नवी स्टिक एकटीच, आधी एका स्लॉटमध्ये आणि मग दुसऱ्यात, अशी लावून पाहावी. एका वेळी एकच बदल, हा नियम इथे काटेकोरपणे पाळायचा. स्टिक, स्लॉट आणि बायोसची सेटिंग एकदम बदलली तर मशीन सुरू होऊनही दोष कशात होता ते कळत नाही. एकच स्टिक असेल तेव्हा ती कोणत्या स्लॉटमध्ये घालायची हे काही बोर्डांवर ठरलेले असते आणि चुकीच्या स्लॉटमध्ये ती अजिबात चालत नाही. हे बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेले असते.

बऱ्याचदा दोष फक्त नीट न बसलेल्या स्टिकचा असतो. उभ्या स्लॉटमध्ये कडेची खिट्टी लागल्याचा आवाज यावा लागतो. लॅपटॉपच्या आकाराची स्टिक तिरपी पूर्ण आत सरकवून मगच खाली दाबायची असते. ती अर्धवट आत असतानाच दाबली तर खिट्टी लागते, पण सोनेरी कडा जराशी बाहेर राहते. कोकणपट्टीतल्या दमट, खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे चालू असलेल्या मशीनच्या मोकळ्या स्लॉटमध्ये धूळ आणि ओल साठलेली असू शकते. आपल्याकडचे हार्डवेअरवाले अशा वेळी स्टिकचे कॉन्टॅक्ट खोडरबराने घासतात. त्याने काम होते खरे, पण रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो आणि सोन्याचा पातळ मुलामाही झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसणे त्यापेक्षा चांगले. हे सगळे करताना वीज काढलेली असावी आणि हात आधी धातूच्या पेटीला लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी.

रॅम दिसते पण कमी दिसते, ही दुसरी तऱ्हा. 8 जीबीच्या जागी 7.7 दिसणे हा दोष नाही. ग्राफिक्ससाठी, फर्मवेअरसाठी आणि खुद्द कर्नलसाठी थोडी रॅम आधीच राखून ठेवलेली असते. 4 जीबी बसवून साधारण 3.2 जीबीच दिसत असेल, तर बहुधा 32 बिटची जुनी प्रणाली चालू आहे. तिला पत्ते 4 जीबीपर्यंतचेच देता येतात आणि त्यातलेही काही उपकरणांसाठी जातात. बरोबर निम्मी रॅम दिसत असेल, तर एक स्टिक ओळखलीच गेलेली नाही, किंवा दोन रँकच्या (एकत्र वाचल्या जाणाऱ्या चिपांच्या दोन गटांच्या) स्टिकची एकच रँक वाचली जाते आहे. पहिल्या शक्यतेसाठी डीएमआयडीकोड ही आज्ञा उपयोगी पडते. प्रत्येक स्लॉटमध्ये काय दिसते आहे ते ती सांगते. झेडएफएसच्या बाबतीत निम्म्याचा एक वेगळाच अर्थ निघतो. लिनक्सवर एआरसीची मूळ मर्यादा बराच काळ एकूण रॅमच्या निम्मी होती, म्हणून 32 जीबी बसवूनही कॅशे 16 जीबीपाशी थांबलेली दिसायची. पूर्वी कोणी ही मर्यादा हाताने ठरवून दिली असेल, तर रॅम वाढली तरी जुना आकडा तसाच राहतो. तिथे स्टिक बदलून काही साधत नाही, सेटिंग बदलावी लागते.

तिसरी तऱ्हा सर्वांत अवघड, कारण इथे मशीन चालू असते. एखादी सेवा मधूनच बंद पडते, मोठी फाइल कॉपी केल्यावर मूळ फाइलशी तंतोतंत जुळत नाही, पंधरा दिवसांतून एकदा मशीन आपोआप रीस्टार्ट होते. रॅममधला बिट आपणहून उलटू शकतो, हे फार पूर्वीच कळले आहे. 1978 साली इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिले की चिपांच्या वेष्टनातल्या सिरॅमिकमध्ये असलेले युरेनियम-थोरियमचे अंश अल्फा कण सोडतात आणि त्यांच्यामुळे बिट पालटतात. वेष्टने पुढे सुधारली, पण चुका थांबल्या नाहीत. 2009 साली बिअँका श्रोडर यांनी गूगलमधल्या दोन संशोधकांबरोबर कंपनीच्या सर्व्हरांचा अडीच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात 8 टक्क्यांहून अधिक स्टिकांमध्ये चुका आढळल्या, आणि त्यांतल्या बहुतांश बाहेरच्या किरणांनी नव्हे, तर स्टिकमधल्या कायमच्या दोषाने होत असाव्यात असे त्यांना दिसले. ज्या स्टिकमध्ये एकदा चूक झाली, तिच्यात पुन्हा होण्याची शक्यता बरीच वाढते. व्यवहारात याचा अर्थ इतकाच, की तपासणीत एक जरी चूक दिसली तरी ती स्टिक नॅसमध्ये ठेवू नये. एखादी चूक चालायचीच, असे नॅसच्या बाबतीत म्हणता येत नाही.

या चुकांवरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे ईसीसी. बेल लॅब्जमधल्या रिचर्ड हॅमिंग यांनी 1950 साली मांडलेल्या संकेतपद्धतीतून तो निघाला. दर 64 बिटांमागे 8 जास्तीचे बिट ठेवले की एक बिट उलटला तर तो कोणता हे कळते आणि दुरुस्त करता येतो. दोन उलटले तर निदान चूक झाल्याचे समजते. पण केवळ ईसीसीची स्टिक घेऊन भागत नाही, प्रोसेसर आणि बोर्ड या दोघांनीही ती वापरायला हवी. अनेक साध्या बोर्डांवर अशी स्टिक चालते, मात्र जास्तीचे बिट तपासलेच जात नाहीत. ईसीसी स्टिकच्या जोडीला साधी स्टिक बसवली, तर एक तर मशीन सुरू होत नाही किंवा ईसीसी गुपचूप बंद होते. रॅम वाढवताना हे नकळत घडण्याची शक्यता खूप असते. लिनक्समध्ये एडॅक या विभागाच्या नोंदींत कंट्रोलर दिसतो का आणि दुरुस्त केलेल्या चुकांचे मोजमाप ठेवले जाते का, हे पाहून खात्री करून घ्यावी. डीडीआर5 च्या जाहिरातींत येणारे ‘ऑन-डाय ईसीसी’ वेगळे आहे. ते चिपच्या आतल्या चुका सांभाळते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत बिट उलटला तर त्याचा उपयोग नाही.

तपासणीसाठी मेमटेस्ट86प्लस हा मोफत प्रोग्रॅम उत्तम. 2022 साली तो नव्याने लिहिला गेला आणि आता यूईएफआय मशीनवरही चालतो. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून निदान रात्रभर तो चालू ठेवावा, कारण काही दोष पहिल्या फेरीत सापडत नाहीत आणि स्टिक तापल्यावरच दिसतात. पडदा जोडण्याची सोय नसलेल्या नॅससाठी कंपनीचे स्वतःचे साधन असते. सिनॉलॉजीची मेमरी चाचणी सिनॉलॉजी असिस्टंटमधून सुरू करता येते. स्टिक दुसऱ्या पीसीत घालून तपासणे हा अर्धाच पुरावा आहे. तिथे ती पास झाली तर चिपा चांगल्या आहेत इतकेच ठरते, त्या नॅसच्या कंट्रोलरशी त्यांचे जुळते की नाही ते ठरत नाही. दोन स्टिका एकेकट्या पास होऊन एकत्र नापास होतात असेही घडते. अशा वेळी बायोसमध्ये वेग एक पायरी कमी करून पाहावा. जास्त वेगाची एक्सएमपी सेटिंग चालू राहिली असेल तर ती आधी बंद करावी. नॅसमध्ये रॅमच्या त्या वाढीव वेगाचा फायदा जवळजवळ जाणवत नाही, धोका मात्र पुरता असतो.

डिस्कच्या नोंदींतूनही रॅमचा दोष ओळखता येतो. झेडएफएस आणि बीटीआरएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे त्यातल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा, ठेवतात. एकाच डिस्कवर चेकसमच्या चुका वाढत असतील तर ती डिस्क किंवा तिची केबल तपासावी. पण रॅम वाढवल्यापासून एकाच वेळी अनेक डिस्कांवर चुका दिसू लागल्या, तर त्या सगळ्या डिस्का एकदम बिघडल्या असे मानण्याऐवजी त्यांना सामाईक असलेल्या गोष्टी पाहाव्यात: रॅम, डिस्क कंट्रोलर, वीजपुरवठा. असे दिसताच रॅम तपासण्याआधी नव्या डिस्का मागवणे, किंवा घाईघाईने एखादी डिस्क बदलून रिबिल्ड सुरू करणे, ही मोठी चूक ठरते. रिबिल्डमध्ये सगळी माहिती त्याच सदोष रॅममधून फिरवली जाते.

सदोष रॅम असताना झेडएफएसचे स्क्रब, म्हणजे सगळे ब्लॉक वाचून चेकसमशी ताडणारी तपासणी, चालवले तर चांगला डेटाही नष्ट होतो, अशी भीती पसरलेली आहे. तिच्यात अतिशयोक्ती आहे. स्क्रबमध्ये चूक दिसली की दुसरी प्रत किंवा पॅरिटी वापरून ब्लॉक नव्याने उभा केला जातो, आणि तो चेकसमशी जुळला तरच डिस्कवर लिहिला जातो. बिघडलेला ब्लॉक योगायोगाने जुळण्याची शक्यता नगण्य असते. खरा धोका नव्या लिखाणाचा आहे. चेकसम काढण्याआधीच रॅममध्ये बिट उलटला, तर चुकीच्या माहितीचाच बरोबर चेकसम तयार होतो. ती फाइल पुढे कायम निर्दोष म्हणून नोंदली जाते, आणि कोणतेही स्क्रब तिला पकडू शकत नाही.

म्हणून संशय येताच नॅसवरचे लिखाण आधी थांबवावे: शेअर केलेली फोल्डरे फक्त वाचण्यापुरती उघडी ठेवावीत, आपोआप चालणारे बॅकअप थांबवावेत आणि जुने स्नॅपशॉट पुसले जाणार नाहीत अशी सोय करावी. मग मशीन बंद करून स्टिक तपासावी. सदोष स्टिक काढल्यावर पूर्ण स्क्रब चालवावे, आणि ती स्टिक आत असलेल्या काळात लिहिलेल्या फाइलींची यादी तारखेवरून काढावी. कॅमेऱ्यात, फोनवर किंवा दुसऱ्या पीसीवर मूळ प्रती असतील तर त्यांच्याशी या फाइलींचे हॅश ताडून पाहावेत. न जुळणाऱ्या फाइली मूळ प्रतीवरून पुन्हा आणाव्यात. मूळ प्रत नसलेल्या फाइली उघडून पाहण्याखेरीज मार्ग नाही. त्या काळात घेतलेल्या बॅकअपवरही तारखेसह संशयित अशी खूण करून ठेवावी आणि त्याआधीचा एक बॅकअप या सगळ्याचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवावा. ईसीसी असलेल्या मशीनमध्ये पुढचे काही आठवडे एडॅकचे आकडे पाहत राहावे. शून्यावरून आकडा हलला, तर तो ज्या स्लॉटचा असेल त्या स्लॉटमधली स्टिक वॉरंटीत बदलून घ्यावी.